पहिल्या जोडाचं कुंकू

९ जानेवारी १९४९, खोपोली

सदूला आज पाताळगंगेच्या काठी अग्नी दिला. आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे. कॉलेजात असताना लिहीत असे, मग सुटली. आता लिहिल्यावाचून डोकं ताळ्यावर राहील असं वाटत नाही.

जे झालं ते सरळ लिहितो. आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात भाताचा पेंढा वाफेवर शिजवतात. ज्या लोखंडी गोळ्यात शिजवतात त्याला सगळे हंडा म्हणतात. बॉयलरपासून हंड्यापर्यंत वाफेचा जो पाइप होता, तो परवा दुपारी वळणावर फाटला. हंड्यावरचा कामगार सदू नेमका खाली व्हॉल्वपाशी उभा होता. बॉयलरमधून निघालेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरी दिसते ती निवलेली. नुसता आवाज आला, आणि सदूला कुठल्या अंगाला पळावं तेच कळलं नसावं. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्धीवर होता. सारखं पाणी मागत होता.

तो पाइप कुठला, किती जुना, कुठल्या हिशेबानं घातलेला, कुणालाच सांगता येत नाही. कारखान्याबरोबर आला, आम्ही वापरला. इथला इंजिनिअर मी. नदीवर सदूची बायको सोनुबाई माझ्याकडे एकदाच बघून गेली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

बॉयलरचे सरकारी इन्स्पेक्टर येऊन गेले. चहा घेतला नाही. फाटलेलं वळण हातात घेऊन नखानं खरवडून पाहिलं. म्हणाले, नवा पाइप घाला, आणि हिशेब कुठल्या पुस्तकानं केलात ते मला कळवा. मी विचारलं, कुठलं चालेल? तर म्हणाले, “विलायती धरा, अमेरिकन धरा, माझी ना नाही. पण एक धरा.”

एवढं बोलून मोटारीत बसले. मॅनेजरसाहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं होतं कारखान्याला कुलूप लागतंय. आता त्यांचा एकच धोशा: वाफ केव्हा?

१६ जानेवारी

टेबलावर दोन पुस्तकं घेऊन बसलो आहे. विलायती पुस्तक माझं, पुण्यातल्या कॉलेजापासूनचं. अमेरिकन पुस्तक कल्याणच्या लष्करी डेपोत रद्दीत मिळालं. कुणा गोऱ्या सार्जंटचं नाव अजून त्यावर आहे.

दोघांचे स्वभाव वेगळे, हे आज नीट लक्षात आलं. माझं विलायती पुस्तक वीजघर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. वाफ वर्षानुवर्षं एका चालीनं वाहणार, वीजघर थांबवून पाइप तपासायला कुणाला सवड नाही, तेव्हा पाइप मुळातच असा जाड घ्या की विसरलात तरी चालेल. अमेरिकन पुस्तकातला आमच्या कामाचा भाग कारखान्यांसाठी आहे. तिथं हंडे तापतात, निवतात, पाइप लांबतात, आखडतात, पण माणसं सतत हाताशी असतात. त्यामुळे तिथं पाइप पातळ चालतो. त्यानंतर बऱ्याच अटी आहेत, त्या सवडीनं वाचीन.

आता आमचा पाइप कोणता? आमचा बॉयलर विजेच्या यंत्रालाही वाफ देतो आणि हंड्यालाही. म्हणजे अर्धा वीजघराचा, अर्धा कारखान्याचा. खिडकीतून घाटावरून उतरणारे वीजघराचे पाण्याचे पाइप दिसतात. ते ज्यानं घातले त्याच्यापुढे अशी अडचण आली नसेल. त्याचं काम एकच होतं.

२१ जानेवारी

मॅनेजरसाहेबांनी मला न विचारता लढाईतले उरलेले पाइप कल्याणहून उचलले आहेत. आवारात येऊन पडले. सबंध सकाळ मी आणि चांगो जाडी मोजत होतो.

चांगो माझा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो चड्डीत होता, मीच वाढवला. लढाईत कल्याणच्या डेपोत वेल्डिंग शिकला. कारखान्यात मीच त्याला लावला. वेल्डर आमच्याकडे तो एकटाच. नव्या पाइपाचे सगळे जोड तोच करणार.

विलायती पुस्तकाप्रमाणे हे सगळे पाइप भंगारात. अमेरिकन पुस्तकाप्रमाणे उत्तीर्ण, अगदी काठावर पण उत्तीर्ण. खरं सांगायचं तर आकडा जुळला तेव्हा मला आनंद झाला. मॅनेजरसाहेबांना सांगितलं तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ती मला आवडली. दुपारी जेवताना वाटलं, इतका आनंद व्हायला नको होता.

२७ जानेवारी, खालापूर

दोन दिवसांची रजा घेऊन घरी आलो. चांगोचं लग्न ठरतंय. मुलगी पारू, आमच्या बॉयलरवरच्या येसाजीमामांची, कशेळ्याची. येसाजीमामा माणूस सोन्यासारखा. सदू गेल्यापासून हंड्याचा व्हॉल्वही तेच सांभाळणार आहेत, कारण दुसरा कुणी तिथं उभा राहायला तयार नाही.

पण तारखेवरून आज घरात जी गंमत झाली! आमचे भटजी जुन्या पंचांगाचे. कशेळ्याचे भटजी नव्या पंचांगाचे. दोघे ओटीवर मांडी ठोकून बसले. शेवटी ठरलं ते असं: मुहूर्त नव्या पंचांगातला घ्यायचा, कारण तो लवकरचा आहे. आणि नव्यात त्या दिवशी जो दोष सांगितलाय तो जुन्यात नाही, म्हणून दोषापुरतं जुनं बघायचं. झालं! मुहूर्तही मिळाला, दोषही गेला. दोन्ही भटजी खूश, दोन्हीकडची मंडळी खूश.

मी सौ.ला म्हटलं, सोयीचं तेवढं उचलायचं आणि वर देवाला साक्षी ठेवायचं, याला काय म्हणावं? आमच्या सौ. आनंदीबाई गूळ फोडत होत्या. म्हणाल्या, तुम्हाला लग्न करायचं नाय, त्याला करायचंय, गप बसा. आपल्या लोकांत शास्त्र केव्हा रुजणार कोण जाणे.

लग्न फाल्गुनात.

६ फेब्रुवारी, खोपोली

आज पहिला जोड झाला. सदूच्या जागीच, व्हॉल्वच्या वर. माणसं त्या जागेला बिचकतात, म्हणून मॅनेजरसाहेबांनीच काढलं की पूजा करू आणि पहिला जोड तिथं मुहूर्तावर करू. मलाही ते पटलं.

भटजींनी वेळ दिली होती, त्यामुळे चांगोला घाई झाली. पण झाल्यावर शिवण अशी सुबक आली की बायकांनीसुद्धा वाकून पाहिली. निवल्यावर सौ.नं जोडाला तेल लावून हळदकुंकू वाहिलं. नारळ मी फोडला. सोनुबाईला पेंढ्याच्या वखारीत कामावर घेतलं आहे. ती लांब उभी होती, पुढे आली नाही. तिनं यायचं नसतं हे मला ठाऊक आहे, तरी वाईट वाटलं.

येसाजीमामांनी जोडाला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाले, “माज्या डोक्यावर आता जावयाचा हात हाय. मला कसलं भ्या?”

चांगो लाजला. फार दिवसांनी सगळे हसले.

९ फेब्रुवारी

अमेरिकन पुस्तकातल्या अटी आज वाचल्या. खोटं कशाला लिहू? पूर्वीही वाचल्या होत्या. पानाचा कोपरा मीच दुमडलेला आहे.

त्यात असं आहे की वेल्डरनं केलेला पहिला जोड कापून काढावा, त्याची पट्टी करून शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरावी आणि वाकवावी. वाकली तर हात चांगला, मोडली तर हात तयार नाही. पाइप पातळ घ्यायला परवानगी दिलीय ती या भरवशावर. विलायती पुस्तकात आमच्यासारख्या पाइपाला हे मागितलेलं नाही. तिथं जाडीच एवढी की जोड थोडा उणा असला तरी निभावतं.

आता पहिला जोड कापायचा कसा? त्यावर कुंकू आहे. ज्याचा नारळ फोडला तेच मोडायचं, आणि तेही सदूच्या जागेवर, म्हणजे मग एकही माणूस तिथं उभा राहणार नाही. शिवाय चांगोचं लग्न तोंडावर. मोठ्या भावानं धाकट्याचा हात सासऱ्यादेखत तपासायचा, हे बरं दिसेल का? त्याच्या हाताची शिफारस करणारा मीच. शिवण सगळ्यांनी पाहिली आहे.

विचार करून ठरवलं की जाडीपुरतं अमेरिकन पुस्तक धरावं आणि तपासणीपुरतं विलायती. दोन्ही पुस्तकं मान्य आहेत, दोन्ही जाणत्यांनी लिहिलेली आहेत. दोन्हींचा मान राखला गेला.

१७ फेब्रुवारी

सगळे जोड झाले. आज गार पाणी भरून हातपंपानं दाब दिला. एक थेंब गळला नाही. मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले. पुढल्या सोमवारी वाफ सोडायची असं त्यांनी मुंबईला शेठना फोनवरून कळवूनही टाकलं.

इन्स्पेक्टरांना अजून कळवलेलं नाही. दोनदा कागद घेतला. ‘अमुक पुस्तकाप्रमाणे’ इथपर्यंत येऊन थांबतो.

१९ फेब्रुवारी

सौ. लग्नाच्या खरेदीला खोपोलीला आली होती. जेवताना विचारलं, त्या दोन पुस्तकांचं काय ठरलं मग? तिला कळेल अशा भाषेत सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजे आपल्या भटजींसारकंच की तुमचं. मुहूर्त नव्यातला नि दोष जुन्यातला.”

मला भयंकर राग आला. म्हटलं, इंजिनिअरिंग आणि पंचांग यांत फरक असतो. ती म्हणाली, आसंल बाई. मग कशेळ्याच्या बाजारातल्या बांगड्यांचं बोलायला लागली.

जेवण गेलं नाही. आज पुढे लिहवत नाही.

२१ फेब्रुवारी

हे सगळं सविस्तर लिहिलं पाहिजे.

सकाळी वखारीवरून जात होतो. सोनुबाई पेंढा खाली घेत होती. मला पाहून थांबली. नदीवरनंतर पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, “त्या जागी आता येसाजीदादा ऱ्हानार म्हनं.”

मी हो म्हटलं.

“नवा पाइप चांगला हाय ना?”

मी पुन्हा हो म्हटलं. पेंढा झटकत ती म्हणाली, “सदूला बी आसंच सांगितलं व्हतं. म्हून इचारलं. तुमी सोता पायलाय ना आत?”

तिनं टोचायला म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारत होती. मी तिसऱ्यांदा हो म्हणालो आणि तिथून निघालो. हंड्यापाशी येऊन वर पाहिलं. पाइपाच्या आत मी काय पाहिलं होतं? वरची शिवण पाहिली होती. कुंकू पाहिलं होतं.

सरळ चांगोला हाक मारली आणि म्हटलं, पहिला जोड कापायचाय. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, “कुंकू लावल्याला जोड कापतोस, दादा?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तक तवा बी व्हतं.”

तो कापायला तयार होईना. मग मीच घडवंचीवर चढलो आणि करवत चालवली. माझ्या हाताला सवय नाही, वेळ लागला. तोवर माणसं जमली. मॅनेजरसाहेब धावत आले, हा काय वेडेपणा म्हणून ओरडले. येसाजीमामा बॉयलरवरून खाली आले.

पट्टी काढली, शेगड्यात धरली, लांब पाइप घालून वाकवायला लागलो. मनात म्हणत होतो, वाक. देवाशपथ म्हणत होतो, वाक रे बाबा. थोडी वाकली आणि कट्‌कन मोडली.

आत दोन्ही कडा जशाच्या तशा होत्या. वितळल्याच नव्हत्या. वरच्या सुबक शिवणीनं नुसत्या एकमेकींशी टेकवून ठेवल्या होत्या. गार पाण्याला तेवढं पुरलं. हंडा रोज तापता निवता किती दिवस पुरलं असतं, ते सांगता येत नाही. डेपोत चांगोनं ट्रकचे पत्रे जोडले होते. पाइप कधी जोडलाच नव्हता. हे मला माहीत होतं का? विचारलं असतं तर माहीत झालं असतं.

येसाजीमामांनी माझ्या हातातला तुकडा घेतला. तुकडा पाहिला, वर जोडाची मोकळी जागा पाहिली, मग चांगोकडे पाहिलं. तुकडा परत माझ्या हातात ठेवला आणि बॉयलरकडे निघून गेले.

चांगोचा चेहरा मला विसरता येणार नाही. सगळ्यांदेखत, पण हळू आवाजात बोलला. “माजा हात बघायचा व्हता तर पूजेच्या आदी बघायचा. दाराआड. म्या पन्नास जोड मोडून दिलं आसतं तुला. तू चार मान्सांत नारळ फोडलास, दादा, आनि चार मान्सांत मला मोडलंस.”

हातमोजे काढून तिथंच ठेवले आणि गेला.

२२ फेब्रुवारी

सकाळीच मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. शेठना काय सांगू, हा एकच प्रश्न तीनतीनदा. म्हणाले, एकच जोड वाईट होता, तो नवा करा आणि सोमवारी वाफ सोडा. बाकीचे झाकून जातील. मी म्हटलं, सगळे कापावे लागतील. म्हणाले, नोकरी नकोय का? म्हटलं, हवी आहे. घरी लग्न आहे, मला नोकरी फारच हवी आहे. पण सगळे कापावे लागतील.

त्यांच्यासमोरच इन्स्पेक्टरांना कळवलं. ‘अमेरिकन पुस्तकाप्रमाणे, सबंध’ असं लिहिलं. ‘सबंध’ खाली रेघ मारली. मॅनेजरसाहेबांनी ते वाचलं आणि फेकून दिलं नाही. सदूचं प्रेत त्यांनीही पाहिलं आहे.

संध्याकाळी कशेळ्याहून निरोप आला. येसाजीमामांनी लग्न मोडलेलं नाही, पण फाल्गुनात नको म्हणाले. पोराचा हात बसू दे, मग बघू. पारू रडून रडून निजली म्हणे. हे निरोप्यानं न विचारता सांगितलं.

चांगो खालापूरला गेला नाही. कुठं आहे माहीत नाही.

१० मार्च

चांगो कल्याणला आहे. डेपोतल्या त्याच्या जुन्या मिस्त्रीकडे, असं सौ.ला कुणीतरी सांगितलं. मला कळवू नका असंही सांगितलंय. सौ.नं ते सांगितलंच. ती माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर मी भांडलो तरी असतो.

मॅनेजरसाहेबांनी मुंबईहून दुसरा वेल्डर आणला. पट्टी वाकवून दाखव म्हटल्यावर त्यानं माझा बाप काढला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. चांगोला पूजेच्या आधी म्हटलं असतं तर त्यानं वाकवून दाखवली असती, मोडली तर पुन्हा जोडली असती. हे मला आता कळतंय.

२ मे

चांगो आला. माझ्याकडे नाही, कारखान्यात. मॅनेजरसाहेबांना भेटून कामावर रुजू झाला. लोहारशाळेमागे जागा मागून घेतली आहे. तिथं दिवसभर पाइपाचे तुकडे जोडतो, कापतो, वाकवतो. मोडले की ढिगावर फेकतो. वेल्डिंगच्या कांड्या आता बॉयलरच्या भिंतीशी शेकत ठेवतो. आधीच्या जोडांना वापरलेल्या डेपोतल्या कांड्या दोन पावसाळे खाऊन ओलावलेल्या होत्या, हे त्याला कल्याणला कळलं असावं.

माझ्याशी बोलत नाही. समोर आलो की ‘जी’ म्हणतो. जन्मात कधी मला ‘जी’ म्हणाला नव्हता.

१९ जून

लोहारशाळेवरून मुद्दाम गेलो. ढीग गुडघ्याएवढा झालाय. नवे तुकडे मात्र मोडलेले नाहीत, वाकून नालासारखे झालेले आहेत. येसाजीमामा तिथं दगडावर बसून बिडी ओढत होते. चांगोचं काम चालू, ह्यांची बिडी चालू. मला पाहून मामांनी जरा सरकून दगडावर जागा केली. बसलो. चांगोनं वर पाहिलं नाही, पण उठूनही गेला नाही.

२३ ऑगस्ट

पाइपाचे सगळे जोड चांगोनं नव्यानं केले, त्यातला पहिला कापून वाकवून दाखवला. इन्स्पेक्टर परवा येऊन सगळे तुकडे पाहून गेले. पाइपाला पाण्याचा दाब त्यांनी स्वतः दिला, अमेरिकन पुस्तकातला, जास्तीचा. जाताना मला म्हणाले, आता एक आहे.

आज वाफ सोडली. पूजा नको असं मीच म्हटलं, कुणी आग्रह केला नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. येसाजीमामांनी व्हॉल्व अगदी थोडा उघडला, थांबले, आणखी थोडा उघडला. पाइप तापताना आतून टकटक वाजायला लागला. तो लोखंड लांबल्याचा आवाज, हे मला ठाऊक आहे. तरी दर टकटकीला मी वर जोडाकडे पाहत होतो.

चांगो कामावर नव्हता. पाळी संपली होती. पण तो आला आणि पहिल्या जोडाच्या खाली, सदू उभा असायचा तिथं, मामांच्या शेजारी उभा राहिला. पाइप पुरता तापेपर्यंत हलला नाही. मी पाच हातांवर उभा होतो. माझी जागा मी तिथं का घेतली नाही, हा प्रश्न आता पडतोय. मुळात माझी जागा तीच होती.

सोनुबाई दाराशी येऊन पाहून गेली. पेंढा भिजत होता.

१४ सप्टेंबर

पाइप चालतोय, गळत नाही. लिहिण्यासारखं काही नाही. लग्नाची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत, मार्गशीर्षातली. या वेळी दोन्ही घरांनी मिळून एकच पंचांग धरलं म्हणे. कुठलं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

खंडेनवमी

कारखाना बंद. सकाळी सगळी हत्यारं धुऊनपुसून बॉयलरपुढे मांडली. पाने, करवती, हातोडे, कानशी, बॉयलरचं फावडं. ज्याचं हत्यार त्यानं मांडायचं, असा इथला रिवाज. झेंडूचा ढीग कर्जतच्या बाजारातून आला.

चांगोनं आपला पाना ठेवला आणि त्याच्या शेजारी खिशातून काढून एक पट्टी ठेवली. नालासारखी वाकलेली. नव्या पहिल्या जोडातून कापलेली. मी ती दुरूनच ओळखली. तिला त्यानं स्वतःच्या बोटानं हळदकुंकू लावलं.

मॅनेजरसाहेब ओळीवरून नजर फिरवत आले. तिथं थांबून म्हणाले, पूजेत हे मोडकं कशाला? काढा ते.

“मोडकं नाय, सायब,” चांगो म्हणाला. “वाकलंय.”

मॅनेजरसाहेब पुढे गेले.

मी ऑफिसात गेलो. टेबलाच्या खणात फेब्रुवारीपासून तो तुकडा पडून होता, मोडलेला, पहिला. फेकून द्यावा असं अनेकदा वाटलं, दिला नाही. एका बाजूला तेलात बसलेलं कुंकू काळपट होऊन चिकटून राहिलं होतं. तो हातात घेऊन परत आलो. ओळीत जागा नव्हती. सगळ्यांची हत्यारं खेटून मांडलेली होती. माझं त्या ओळीत या आधी कधीच काही नव्हतं. पुस्तकं सरस्वतीपुढे असतात, दसऱ्याला, घरी. तुकडा घेऊन मी तसाच उभा राहिलो. येसाजीमामांनी पाहिलं. पेंढ्याच्या वखारीतल्या बायकांबरोबर मागे सोनुबाई उभी होती, तिनंही पाहिलं.

चांगोनं मान वर केली. माझ्या हातात काय आहे ते त्याला लगेच कळलं. मग त्यानं आपला पाना बाजूला सरकवला आणि म्हणाला, “ठेव हितं, दादा.”

मी ठेवला. पट्टीच्या शेजारी.

दुपारी जेवायला तो घरी आला होता.